निरभ्र आकाशात बसलेला हिसका

गेल्या अंकात विमानतळाच्या टॉवरमधल्या कामाबद्दल लिहिलं होतं. त्यावर बरीच पत्रं आली, त्यातली चार इथे घेते. नव्या वाचकांसाठी सांगते: मी तेहतीस वर्षं हवाई वाहतूक नियंत्रक होते, निवृत्तीनंतर ठाण्यात नौपाड्यात राहते.

प्रश्न : जानेवारीत आम्ही नवरा-बायको मुलीकडे बंगळूरला निघालो होतो. मुंबईहून सकाळी आठचं विमान. वारा नाही, ढगाचा ठिपका नाही, आकाश अगदी स्वच्छ. विमान समुद्रावर गेलं, वळलं, आणि वर चढत असतानाच खालून दोन दणके बसले आणि ते डाव्या अंगाला असं कलंडलं की माझ्या खिडकीत नुसतं पाणी दिसायला लागलं. मग उजवीकडे झुकलं आणि सरळ झालं. सगळं मिळून पाच-सहा सेकंद. थोड्या वेळानं कॅप्टननी सांगितलं की पुढे गेलेल्या मोठ्या विमानाच्या ‘वेक’मधून आपण गेलो, काळजी नसावी. पण पत्नीनं धसका घेतला. परत येताना तिच्या हट्टानं उद्यान एक्स्प्रेसनं आलो. आता जूनमध्ये मुलीचं बाळंतपण आहे आणि ही विमानाचं नाव काढू देत नाही. चूक कोणाची होती? विमान उलटलं असतं का? तिला काय सांगू?
— एक वाचक, घोडबंदर रोड, ठाणे

उत्तर : वहिनींना आधी एवढं सांगा की त्यांना जे जाणवलं ते खरंच घडलं होतं. ‘काही नाही, उगाच घाबरतेस’ असं त्यांना कोणी म्हणालं असेल तर ते मला पटत नाही. हवेत तिथे खरोखर काहीतरी होतं. ते दिसत नव्हतं इतकंच, आणि तुमचं विमान त्यातून गेलं.

ते बघायचं असेल तर घरातली परात घ्या. तिच्यात तीन बोटं पाणी भरा, पाणी स्थिर होऊ द्या आणि वर चिमूटभर हळद भुरभुरवा. आता चपटं उलथणं अर्धंच पाण्यात उभं धरून वीतभर पुढे ओढा आणि चटकन वर उचला. उलथण्याच्या दोन कडांपाशी दोन भोवरे उठतात, एक उजवा फिरणारा, एक डावा. उलथणं बाहेर आलं, तुम्ही ते पुसून ठेवलं, तरी ते दोघे जोडीजोडीनं परातीत पुढे चालत राहतात. माझ्या नातवानं त्यांच्या वाटेत एक कुरमुरा सोडला. भोवरा जवळ येईपर्यंत कुरमुरा जागचा हलला नाही, आणि पोचताक्षणी गर्रकन फिरला. नातवानं मग डबाच मागून घेतला आणि ओटा भिजेपर्यंत कुरमुरे सोडत बसला. वहिनींना हे नुसतं सांगू नका, करून दाखवा.

विमानाचं तसंच असतं. पंख हवेला खाली रेटतो म्हणून विमान वर राहतं. पंखाखाली दाब जास्त, पंखावर कमी. पंखाच्या टोकाशी खालच्या हवेला अडवायला काही नसतं, मग ती बाहेरून वळसा घालून वर चढते. विमान पुढे जातं आणि दोन्ही टोकांमागे पीळ घातलेल्या दोरांसारखे दोन आडवे भोवरे मैलोगणती पसरत राहतात. हाच वेक. उडताना पुढचं चाक उचललं की तो सुरू होतो आणि उतरताना चाकं टेकली की थांबतो. विमान जितकं जड आणि जितकं सावकाश, तितका तो जोरकस. लांब पल्ल्याला निघालेलं बोइंग ७७७ इंधनासकट साडेतीनशे टनांपर्यंत भरतं. तुम्ही बसला असाल त्या जातीचं एअरबस ए३२० भरून पाऊणशे टनांच्या आसपास. पाच हत्तींच्या मागून एक हत्ती चालल्यासारखा हा हिशेब आहे.

भोवऱ्यांची ही जोडी एकमेकांना खाली ढकलते. त्यामुळे ते मिनिटाला काही शे फूट या वेगानं खाली सरकतात आणि विमानाच्या वाटेच्या पाचशे ते हजार फूट खाली जाऊन रेंगाळतात. वारा असेल तर बाजूलाही वाहवत जातात.

तुम्ही ‘आकाश अगदी स्वच्छ’ असं लिहिलंय, वारा नव्हता हेही लिहिलंय. वहिनींची भीती तिथेच अडकली असणार: वादळ नाही, ढग नाही, मग विमान हललंच कसं? पण वेकच्या बाबतीत गणित उलटं आहे. खळबळलेली हवा या भोवऱ्यांना लवकर तोडून टाकते. दुपारी समुद्राकडून वारा सुटला की मुंबईवर ते फार वेळ तग धरत नाहीत. थंडीतली सकाळ, निवांत हवा, झाडाचं पान हलत नाही, अशा वेळी ते दोन-तीन मिनिटं टिकतात. परातीतलं पाणी आधी स्थिर होऊ द्या म्हटलं ते याचसाठी. जानेवारीतली सकाळी आठची वेळ ही त्यांना अगदी मानवणारी.

एकदाच मी ते डोळ्यांनी पाहिलंय. पावसाळ्यातली सकाळ होती, ढग इतके खाली उतरलेले की टॉवरमधून त्यांचा तळ हाताशी असल्यासारखा वाटत होता. एक अवजड मालवाहू विमान उडालं आणि त्या तळाला घासून गेलं. विमान दिसेनासं झालं. नंतर ढगाच्या तळाला दोन खोल चऱ्या पडल्या, त्यांच्या कडा आत वळल्या आणि शेवयांच्या गुंडीसारख्या गुंडाळत गेल्या. शिफ्टमधले आम्ही सगळे काचेपाशी गेलो. मी मनगटावरच्या घड्याळात पाहिलं. विमान गेल्यावर दीड मिनिट उलटून गेलं होतं आणि त्या अजून फिरत होत्या.

आता चुकीबद्दल. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या ठरलेल्या पद्धतीत विमानांचे वजनावरून गट पडतात. ७ टनांपर्यंत लाइट, त्यापुढे १३६ टनांच्या आत मीडियम, १३६ टन आणि वर हेवी, आणि एअरबस ए३८० या सगळ्यात मोठ्या प्रवासी विमानासाठी वेगळा गट, सुपर. मोठ्या विमानांचे वैमानिक रेडिओवर पहिल्यांदा बोलताना आपल्या नावापुढे ‘हेवी’ किंवा ‘सुपर’ लावतात, ते ऐकणाऱ्या सगळ्यांना सावध करण्यासाठी. हेवी उडालं की त्याच धावपट्टीवरून मीडियमला दोन मिनिटं थांबवायचं. सुपर उडालं तर तीन.

या दोन मिनिटांवरून मला वैमानिकांनी किती वेळा डिवचलंय! नोकरीच्या सुरुवातीच्या काळात, मुंबईबाहेरच्या एका विमानतळावर, एका छोट्या विमानाच्या वैमानिकानं दोन मिनिटांत तीनदा विचारलं, निघू का? त्याला उशीर झाला होता, धावपट्टी समोर रिकामी पडली होती, मागे रांग लागली होती. मी घड्याळावरून नजर हलवली नाही. वेळ पूर्ण झाल्यावर परवानगी दिली. तो उडाला, तीनेकशे फुटांवर गेला आणि म्हणाला, ‘मॅडम, थोडा धक्का बसला.’ आवाजातली घाई गेली होती. तो धक्का दोन मिनिटांनंतरचा होता. त्या दिवशी घरी येताना बसमध्ये मी तेवढाच विचार करत होते: एका मिनिटानंतर तो केवढा असता?

दोन मिनिटं पाळली की धक्का बसणारच नाही, असा त्या नियमाचा अर्थ कधीच नव्हता. उरलेला धक्का मागच्या विमानाला पेलेल एवढाच असावा, हा त्याचा अर्थ आहे. त्यातही चढताना काही वाटा मोकळ्या राहतात. एरवी हलकं विमान धावपट्टी लवकर सोडतं आणि जास्त तिरकं चढतं, म्हणून ते पुढच्या हेवीच्या वाटेच्या वरच राहतं आणि भोवरे खाली राहतात. पण पुढे वळण आलं, तुमच्या विमानाला काही वेळ कमी उंचीवर धरलं, किंवा दुसऱ्या दिशेला निघालेल्या मोठ्या विमानाची वाट वरून गेलेली असली, तर खाली सरकत आलेला भोवरा तुमच्या वाटेत सापडतो. समुद्रावर जाऊन वळणाऱ्या वाटांवर हे होण्यासारखं आहे. शिवाय मीडियमच्या मागे मीडियम असेल तर वेकसाठी वेगळी थांबण्याची सक्तीच नाही, रडारवरचं नेहमीचं अंतर चालतं. म्हणजे वैमानिक, नियंत्रक, सगळ्यांनी नियम काटेकोर पाळूनही तुम्हाला धक्का बसू शकतो. मी नियंत्रकांची बाजू घेतेय असं वाटेल, पण ज्या दिवशी अंतर खरंच कमी पडतं त्या दिवशी रडारवर ते सेकंदासकट नोंदलं जातं आणि चौकशी होते. तिथे लपवायला जागा नसते.

विमान उलटलं असतं का, याचं उत्तर गोड करून देणार नाही. ७ जानेवारी २०१७ ला अरबी समुद्रावर मालदीवहून बर्लिनला निघालेलं एक छोटं बिझनेस जेट, चॅलेंजर ६०४, ए३८० च्या हजार फूट खालून समोरासमोर गेलं. थोड्या वेळानं ते वेकमध्ये सापडलं, अनेकदा गरागरा फिरलं आणि सुमारे नऊ हजार फूट खाली आलं. आतले लोक जखमी झाले. वैमानिकांनी ते सावरलं आणि मस्कतला उतरवलं, पण ते विमान पुन्हा वापरात आलं नाही. वाचून अंगावर काटा येतो, मलाही आला. फक्त वजनं बघा: एकीकडे पाचशे टनांच्या आसपासचं विमान, दुसरीकडे जेमतेम वीस-बावीस टनांचं. तुमचं विमान त्या जेटच्या तिप्पट-चौपट जड, पंखही बरेच लांब. भोवऱ्यापेक्षा पंख लांब असेल तर भोवऱ्याच्या पकडीत पंखाचा थोडाच भाग येतो आणि उरलेला पंख विमान सावरतो.

दुसरी घटना चढतानाचीच आहे आणि ती मी मुद्दाम सांगते, कारण कुठेतरी अर्धवट वाचून वहिनी जास्त घाबरतील. १२ नोव्हेंबर २००१ ला न्यूयॉर्कच्या केनेडी विमानतळावरून अमेरिकन एअरलाइन्सचं फ्लाइट ५८७ निघालं. पुढे जपान एअरलाइन्सचं ७४७ होतं, दोघांमधलं अंतर नियमात बसणारं होतं. चढताना वेकचे धक्के बसले. ते धक्के फार मोठे नव्हते. पण विमान चालवणाऱ्या सहवैमानिकानं दुसऱ्या धक्क्यावर रडरचे पायडल आलटून-पालटून, पार शेवटापर्यंत दाबले. रडर म्हणजे शेपटीच्या उभ्या पंखावरची फळी. काही सेकंदांत त्या पंखावर ठरलेल्या मर्यादेच्या जवळपास दुप्पट भार आला आणि तो तुटून पडला. विमानातले २६० आणि खाली बेल हार्बर वस्तीतले ५ जण गेले. २००४ मध्ये अमेरिकी तपास मंडळानं निष्कर्ष दिला: कारण पायडलवरचा तो अनावश्यक जोर. त्या विमानाचा हळवा रडर आणि कंपनीनं दिलेलं प्रशिक्षण यांचाही वाटा त्यांनी नोंदवला.

त्या दिवसानंतर जगभर प्रशिक्षण बदललं. आता वैमानिकांना शिकवतात की वेकमध्ये पायडलवर नाचायचं नाही, पंखावरच्या फळ्यांनी कल सावरायचा, हात शांत ठेवायचे आणि भोवऱ्यातून बाहेर पडायचं. बाहेर पडायला सेकंदच लागतात. तुमच्या विमानात नेमकं हेच झालं. डावीकडे कल, उजवीकडे थोडं जास्त सावरणं आणि सरळ. पाच-सहा सेकंद. तुमच्या त्या कॅप्टननी नंतर माइकवर येऊन कारण सांगितलं, हे मला फार आवडलं. बरेच जण सांगत नाहीत.

आता जूनचं. तेव्हा मान्सून असेल, हवा हलती असेल, म्हणजे वेक लवकर विरेल. पण ढगांचे धक्के बसतील, आणि ते वेगळे असतात हे वहिनींना आधीच माहीत असलेलं बरं. ढगातले धक्के ठाणे–भिवंडी रस्त्यावरच्या खड्ड्यांसारखे, एकामागून एक, कधी दहा-दहा मिनिटं. वेकचा हिसका एकदाच येतो आणि संपतो. जागा पंखाजवळची घ्या, खिडकीऐवजी मार्गिकेकडची त्यांना द्या, कारण कलंडताना मधल्या माणसाला कमी हलल्यासारखं होतं आणि खिडकीत पाणी दिसत नाही. पट्टा घट्ट बांधायचा, दिवा विझला तरी सोडायचा नाही. आणि विमान धावपट्टीच्या तोंडाशी नुसतं उभं राहिलं की त्यांना सांगा, पुढे कोणीतरी जड गेलंय, कोणीतरी घड्याळ बघत बसलंय.

तरी त्या नाहीच म्हणाल्या तर ओढून नेऊ नका. गाडीची तिकिटं आत्ताच काढा. आई बाळंतपणाला पोचणं महत्त्वाचं.

प्रश्न : आमच्या गच्चीवरून संध्याकाळी मुंबईकडे उतरणाऱ्या विमानांचे दिवे एका ओळीत दिसतात. कधी ती एकामागोमाग येतात, कधी मध्ये मोठी फट पडते. ही फट कोण ठरवतं?
— निवृत्त शिक्षक, कोपरखैरणे

उत्तर : सर, तुमची गच्ची मोक्याच्या जागी आहे. २७ क्रमांकाच्या धावपट्टीकडे येणारी सरळ वाट कोपरखैरण्यावरूनच खाडी ओलांडून घाटकोपरकडे जाते. तुमच्या डोक्यावर विमान साधारण सव्वादोन हजार फुटांवर असतं.

फट ठरवतो अप्रोचचा, म्हणजे उतरणाऱ्या विमानांना ओळीत आणणारा नियंत्रक. दोन मीडियममध्ये रडारवर कमीत कमी तीन सागरी मैल, म्हणजे साडेपाच किलोमीटर. पुढे हेवी असेल तर मागच्या मीडियमसाठी पाच सागरी मैल. पुढे ए३८० असेल तर सात. त्या टप्प्यावर विमानाचा वेग ताशी तीनशे किलोमीटरच्या थोडा वर असतो, तेव्हा तीन मैलांना एक मिनिट, पाच मैलांना पावणेदोन मिनिटं असा अंदाज धरा. पण प्रत्येक मोठी फट वेकची नसते. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकीवरूनच काम चालतं, आणि उतरणाऱ्या दोघांच्या मध्ये एक उडवायचं असेल तर तेवढी जागा मोकळी सोडावी लागते. वेकची फट ओळखायची खूण म्हणजे पुढचं विमान. रुंद धडाचं, दिवे लांब-लांब असलेलं मोठं धूड गेलं आणि मागे बराच वेळ अंधार राहिला, तर मागचा वैमानिक अंतर राखून येतोय. शिवाय तो उतरायच्या वाटेवर जरा वरच राहायला बघतो, कारण पुढच्याचे भोवरे खाली गेलेले असतात.

प्रश्न : २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईचा विमानतळ सुरू झाला. आमच्या घरावर सिमेंटचे पत्रे आहेत. विमान खालून गेलं की त्याच्या वाऱ्यानं पत्रे उडतात असं गावात बोलतात. त्यात तथ्य आहे का?
— एक गृहिणी, पनवेल तालुका

उत्तर : ताई, ही अफवा नाही, पण ती सगळ्या गावाला लागू नाही. लंडनच्या हीथ्रो विमानतळाजवळ उतरणाऱ्या विमानांच्या वेकनं घरांची कौलं निसटतात आणि ती दुरुस्त करून देण्याची तिथे विमानतळाचीच योजना आहे. मात्र हे घडतं ते उतरायच्या वाटेच्या थेट खाली, धावपट्टीच्या अगदी जवळच्या पट्ट्यात, जिथे विमान इतकं खाली असतं की भोवरे विरायच्या आत छपराला भिडतात. विमान गेल्यावर काही सेकंदांनी सळसळ किंवा फटकारा ऐकू येतो का ते बघा. येत नसेल तर पत्र्यांना वेकचा धोका नाही. येत असेल तर पत्र्यांचे हुक आणि वॉशर पावसाआधी बदलून घ्या, आणि तारीख-वेळ एका वहीत लिहून ठेवा. तक्रार करायची वेळ आली तर ‘नेहमी उडतात’ यापेक्षा ‘अमुक तारखेला सकाळी ७.१०’ हे कोणीही नीट ऐकतं.

प्रश्न : मी बारावी सायन्सला आहे, मराठी माध्यमातून शिकले. मला एअर ट्रॅफिक कंट्रोलर व्हायचं आहे. जमेल का?
— एक विद्यार्थिनी, ऐरोली

उत्तर : जमेल. भौतिकशास्त्र आणि गणित घेऊन बीएससी कर, किंवा इंजिनीअरिंग. नंतर भारतीय विमानतळ प्राधिकरणाची ज्युनिअर एक्झिक्युटिव्ह पदाची परीक्षा असते. निवड झाली की प्रशिक्षण प्रयागराज, हैदराबाद किंवा आपल्या गोंदियात. मराठी माध्यमाची भीती बाळगू नकोस, मीही तशीच आले. निवडीत आवाजाची चाचणी असते, तिथे फाडफाड इंग्रजीपेक्षा सावकाश आणि सुटं बोलणं उपयोगी पडतं. आजपासून एक कर. ऐरोलीच्या नाक्यावर उभी राहा आणि जाणाऱ्या गाड्यांचे नंबर मोठ्यानं, एकेक आकडा सुटा करून वाच. रेडिओवर तीनला ‘ट्री’ म्हणतात, पाचला ‘फाइफ’, नऊला ‘नाइनर’, म्हणजे खरखरीतही आकडे एकमेकांत मिसळत नाहीत. रोज दहा मिनिटं.